जे आधी येईल ते

पुस्तिकेत लिहिलंय, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष,
जे आधी येईल ते.
अन्सार मिस्त्री म्हणतो, पाच.
पुस्तिका लिहिणाऱ्याने माजिवड्याचा नाका पाहिलाय का?
चौथ्या मजल्यावरचे पालेकर म्हणतात, पंधरा,
सिंथेटिक असेल तर,
आणि सिंथेटिक म्हणताना
भातावर तूप सोडावं तसा आवाज लावतात.
सर्व्हिस सेंटरची मुलगी आकडाच सांगत नाही.
"मॅम, ड्यू झालंय," एवढंच,
जणू माझंच काहीतरी राहून गेलंय.

मी रबाळ्याच्या प्रयोगशाळेत
रंगांचा दाटपणा मोजते.
बुडाला भोक असलेल्या पेल्यातून रंग सोडायचा,
धार तुटेपर्यंत सेकंद धरायचे.
वीस वर्षं हेच.
पातळ कशाला म्हणायचं ते नवी पोरं माझ्याकडून शिकतात.
आणि स्वतःच्या गाडीचं ऑइल
दोन बोटांत चोळत
राबोडीच्या गॅरेजात उभी राहते,
परीक्षेला पेन विसरल्यासारखी.

कासारवडवली ते रबाळे, एकवीस किलोमीटर.
परवा दोन तास दहा मिनिटं लागली.
विटाव्याला पुलाखाली चाळीस मिनिटं
काटा शून्यावर,
इंजिन मात्र चालूच,
आतल्या आत.
हे कुठल्या खात्यात धरायचं?
मीटर फक्त गेलेलं मोजतो.
थांबून झिजलेलं मोजणारा आकडा
गाडीत बसवलेला नाही.

गाडी टिपणीसांची, खारकर आळीतल्या.
मी त्यांना पाहिलं नाही. मुलाने विकली,
सही करताना घड्याळ बघत होता.
पुढच्या कप्प्यात वही राहिली होती.
निळी शाई. तारीख, किलोमीटर, 'तेल बदलले'.
दर पाच हजारांनी, नऊ वर्षं,
इतकं नेमकं की वाटावं,
आकडा भरावा म्हणून माणूस
उगाच मुंब्र्यापर्यंत जाऊन येत असेल.
मग एका ठिकाणी तीनच हजार, आणि बाजूला:
'उद्या सुनंदाला घेऊन वेळणेश्वर. खात्री असलेली बरी.'
त्यानंतर सतराशे.
मग अकरा महिन्यांत चारशे.
'तेल स्वच्छ दिसते. तरी बदलले.'
पुढच्या वर्षी नव्वद.
'तरी बदलले.'

वर्षाला नव्वद म्हणजे
आठवड्यातून एकदा तलावपाळीला वळसा,
बॅटरी उतरू नये म्हणून.
हे मी ठरवलंय. वहीत तसं नाही.

अन्सारला वही दाखवली.
भुशाने हात पुसून मगच त्याने ती धरली,
उधारीचा हिशेब तपासावा तशी वाचली.
"बरोबर केलं बुढ्ढ्याने.
उभ्या गाडीतपण ऑइल जुनं होतं, ताई.
पाणी धरतं."
मग माझ्या मीटरकडे वाकून,
"तुमची केस उलटी. तुमची उभी राहूनच पळते."

खालचा नट सुटला.
काळी धार आली, बारीक झाली, तुटली.
मी सवयीने सेकंद धरले होते.
किती आले ते मोठ्याने सांगितलंही,
पण त्या आकड्याचं काय करायचं
ते त्याला कळेना, मलाही.

साडेतीन लिटर नवं, मधाच्या रंगाचं.
त्यांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती.
तारीख. अठ्ठावन्न हजार दोनशे बारा.
'तेल बदलले' लिहिताना
माझं अक्षर जरा सरळ आलं.
पुढच्या रकान्यात सहा हजार घातले, खोडले,
मग पेन्सिलीने लिहिलं: दिवाळीच्या आत.

घोडबंदरला लागले तर
समोर लाल दिव्यांची रांग, मानपाड्यापर्यंत.
चावी उलटी फिरवली. इंजिन बंद.
मागच्याने लगेच हॉर्न दिला.